गावाचा पैसा किती राबला?



बैलजोडी घ्यायला बाजारात गेल्यावर तुम्ही नुसती किंमत विचारून दावे हातात घेत नाही. दात पाहता, चाल पाहता, जोडी किती वर्षे जू ओढील याचा अंदाज घेता. पण ग्रामपंचायत पाणीपुरवठ्याची मोटर घेते किंवा जिल्हा परिषद शाळेला बाके घेते, तेव्हा आपण एवढेच विचारतो, "निधी आला का? खर्च झाला का?" खर्च होणे वेगळे आणि पैसा राबणे वेगळे. तो पैसा आपल्याच करातून आणि पट्टीतून आलेला असतो. म्हणून तो किती राबला हे मोजायला आपण शिकले पाहिजे.

स्वस्तातली मोटर

सरकारी खरेदीत साधारणपणे अटींत बसणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. रीत चांगली आहे, वशिल्याला आळा बसतो. पण मालाच्या अटी ढिसाळ लिहिल्या, तर हीच रीत गावाला महागात पडते.

समजा, तुमच्या गावाला रोज एक लाख लिटर पाणी 40 मीटर उंच चढवायचे आहे. एवढे पाणी उचलायला निव्वळ 11 युनिट शक्ती लागते. पण कोणतीही मोटर सगळी वीज पाण्याला लावत नाही. काही वाया जातेच. शंभरातली 40 टक्के वीज कामी लावणारा पंपसंच रोज साडेसत्तावीस युनिट खाईल. 55 टक्के कामी लावणारा 20 युनिटांत तेच काम करील. फरक रोज साडेसात युनिटांचा, म्हणजे वर्षाला 2,737 युनिटांचा. युनिट 6 रुपये धरले तरी सुमारे 16,400 रुपये झाले.

आता सांगा, पहिला पंपसंच 15,000 रुपयांनी स्वस्त मिळाला म्हणून काय मिळवले? वाचवलेले पैसे वर्षभरात वीजबिलात गेले आणि पुढची सारी वर्षे तोटाच. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच. म्हणून खरेदीची किंमत, वीज, दुरुस्ती आणि वस्तूचे आयुष्य हे चारही एकत्र धरून हिशेब करावा.

शेजारच्या गावाशी तुलना

आपला दर बरा की वाईट हे एकट्याने कळत नाही. शेजारची गावे, शेजारचे तालुके यांच्याशी ताडून पाहावे. मात्र तुलना सारख्याची सारख्याशी हवी. कोकणात डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी नळाने उताराने गावात येते, तिथे विजेचा खर्चच नाही. मराठवाड्यात काळ्या कातळातल्या खोल विंधन विहिरीतून पाणी उपसावे लागते. या दोन गावांचे वीजबिल शेजारी ठेवून एकाला उधळा आणि दुसऱ्याला काटकसरी म्हणणे अन्याय होईल. म्हणून एक लाख लिटर पाणी एक मीटर चढवायला किती युनिट लागले, असे माप घ्यावे. मग खोल विहिरीचे गाव आणि उथळ विहिरीचे गाव एकाच तराजूत बसतात.

आणखी तीन मापे

पहिले, निविदा किती आल्या? तीन-चार व्यापारी स्पर्धेत असले की दर खाली येतो. एकच आली तर अटी कोणा एकासाठीच लिहिल्या होत्या का, हे विचारावे. एकच निविदा आलेल्या खरेदीचे प्रमाण युरोपीय संघही आपल्या प्रत्येक सदस्य देशासाठी मोजतो.

दुसरे, माल वेळेवर आला का? पेरणी उरकल्यावर आलेले बियाणे म्हणजे वरातीमागून घोडे. कागदावर खर्च शंभर टक्के, शेतात उपयोग शून्य. मार्चअखेर निधी परत जाईल म्हणून घाईने केलेली खरेदीही या मापात तपासावी.

तिसरे, वर्षाने वस्तू चालू आहे का? बसवलेले दिवे मोजू नका, जळणारे दिवे मोजा. एकूण खर्चाला जळणाऱ्या दिव्यांनी भागा, म्हणजे खरा दर कळेल.

मोजायचे कोणी?

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2016 मध्ये वैयक्तिक लाभाच्या अनेक योजनांत वस्तू वाटण्याऐवजी रक्कम थेट खात्यात देण्याचे धोरण घेतले. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी शेतकरी आपल्या पारखीने अवजार घेऊ शकतो. पण गावाची मोटर, दिवे, दवाखान्याची औषधे ही कोणा एकाच्या खात्यात जमा होणारी गोष्ट नाही. तिथे पारख गावानेच करायची.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याची पद्धत आहे. तिथे खरेदीची यादी मागा. कागद मिळाला नाही तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. भगिनींनी तर जरूर बोलावे. नळाला पाणी किती वाजता आले, किती दिवस आले नाही, याची नोंद कार्यालयापेक्षा तुमच्या हंड्यांना जास्त पक्की ठाऊक असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाणी न आलेल्या दिवशी फुली मारा. वर्षाच्या फुल्या घेऊन सभेला जा.

एक सांभाळा. हा हिशेब कोणाला पाडण्यासाठी नाही. चांगली खरेदी करणाऱ्या सरपंचाचे, ग्रामसेवकाचे चारचौघांत कौतुकही करा. मग पुढची मोटर घेताना तेही दात मोजूनच घेतील.