लेखनाचा अर्धा बँड : मराठी निबंधाची घडण आणि आयेल्ट्सचा लेखन-पेपर

सेलू तालुक्यातले वालूर हे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते तिथल्या चक्राकार बारवेमुळे. सरळ दगडी जिन्याच्या बारवा मराठवाड्यात पुष्कळ आहेत. वालूरच्या या बारवेत मात्र पायऱ्या वळत वळत खाली पाण्याकडे उतरतात. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी गाळ आणि कचरा उपसून ती मोकळी केली. आता समजा, गावातल्याच एखाद्या पदवीधर मुलीला या बारवेची आकृती दिली आणि सांगितले की हिचे वर्णन इंग्रजीत, वीस मिनिटांत, किमान १५० शब्दांत कर. इंग्रजी उत्तम असलेली मुलगीसुद्धा बहुधा सुरुवात करील ती आपल्या पूर्वजांच्या थोरवीपासून. मग पाण्याचे महत्त्व येईल, आणि शेवटी वारसा जपण्याचे आवाहन. बारव स्वतः दोन वाक्यांत उरकली जाईल. भाषेची चूक एकही नसेल, तरीही गुण बेताचेच मिळतील.

हे उदाहरण हौसेने घेतलेले नाही. आयेल्ट्स या परीक्षेच्या शैक्षणिक प्रकारात लेखनाचा पहिला प्रश्न नेमका असाच असतो. आलेख, तक्ता, नकाशा, एखाद्या वस्तूची किंवा प्रक्रियेची आकृती समोर ठेवायची आणि तिच्यात जे दिसते तेवढेच सांगायचे. मत नको, कारणमीमांसा नको, भावना तर नकोच. दुसरा प्रश्न याच्या उलट आहे. तिथे एका वादाच्या विषयावर किमान २५० शब्दांत स्वतःची भूमिका मांडायची. दोन्हींना मिळून एक तास, आणि दुसऱ्या प्रश्नाचे वजन पहिल्याच्या दुप्पट.

परदेशात शिकायला, परिचारिका म्हणून काम करायला किंवा स्थायिक व्हायला निघालेल्या तरुणांना या परीक्षेचा दाखला लागतो. गुण शून्य ते नऊ अशा बँडमध्ये, अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने मिळतात. विद्यापीठे बहुधा एकूण साडेसहा किंवा सात मागतात, आणि पुष्कळदा प्रत्येक कौशल्यात किमान सहा किंवा साडेसहाची अट घालतात. घोडे अडते ते इथे. वाचनात साडेसात आणि लेखनात सहा मिळवणारे विद्यार्थी आपल्याकडे विरळा नाहीत. परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या स्वतःच्या वार्षिक आकडेवारीतही चार कौशल्यांपैकी लेखनाची सरासरी सर्वसाधारणपणे तळाशी असते. परीक्षेची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनेचा लाभ घ्यायचा तर आधी परदेशी विद्यापीठाचा प्रवेश हाती लागतो. म्हणजे अर्ध्या बँडसाठी कुणाचे एक वर्ष जाते, तर कुणाचे कर्जप्रकरण लांबणीवर पडते.

अशा वेळी घरचे आणि क्लासवाले एकच उपाय सांगतात : शब्दसंग्रह वाढव. प्रगत विद्यार्थ्यापुरते बोलायचे तर हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा आहे. लेखन चार निकषांवर तपासले जाते. प्रश्नाला खरोखर उत्तर दिले का, विचारांची सुसंगती आणि जोडणी कशी आहे, शब्दसंपत्ती किती, व्याकरणाची विविधता आणि अचूकता किती. चारही निकषांना सारखेच वजन असते. म्हणजे निम्मे गुण विचाराच्या रचनेला आहेत, आणि सहावरून सातवर जाताना अडसर बहुधा याच निम्म्या भागात असतो.

रचनेला एवढे महत्त्व नेहमीच होते असे नाही. केंब्रिजने परभाषकांसाठी प्रावीण्य-परीक्षा पहिल्यांदा घेतली ती १९१३ साली. बारा तास चाललेल्या त्या परीक्षेत भाषांतर होते, उच्चारशास्त्र होते आणि दोन तासांचा निबंधही होता. तिघे बसले आणि तिघेही नापास झाले. आयेल्ट्स त्यामानाने अलीकडची, १९८९ पासूनची. तिचा रोख साहित्यिक निबंधाकडे नाही. परदेशी वर्गात किंवा कचेरीत या माणसाचे लिखाण दुसऱ्याला अडखळल्याविना कळेल का, एवढेच तिला पाहायचे असते.

आता आपल्या शाळेतला निबंध आठवा. सुरुवातीला सुभाषित किंवा एखादी काव्यपंक्ती, मग विषयाभोवती एक प्रशस्त प्रदक्षिणा, मग नाण्याच्या दोन बाजू, शेवटी समन्वय आणि उपदेश. बोर्डाच्या इंग्रजी पेपरातला कल्पनाविस्ताराचा प्रश्नही याच वाटेने सोडवला जातो. त्यात बोर्डाचा दोष सगळा नाही. त्याच पेपरात तक्त्यावरून परिच्छेद लिहिण्याचा प्रश्न असतो आणि तो आयेल्ट्सच्या पहिल्या प्रश्नाचा धाकटा भाऊच आहे. पण चार-पाच गुणांचा म्हणून तो तक्ता पाहून आकडे उतरवण्यापुरता शिकवला जातो. परभणीच्या महिनावार पावसाचा आलेख दिला तर विद्यार्थी जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत बारा वाक्ये लिहितो. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत पडतो, हे एक वाक्य, ज्यावर उत्तराची मदार आहे, ते राहूनच जाते.

या घडणीचा अभ्यास परदेशातही झाला आहे. रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९६६ साली परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासून एक लेख लिहिला आणि त्यात निरनिराळ्या संस्कृतींच्या विचाराची रेखाचित्रे काढली. इंग्रजीसाठी सरळ खाली जाणारी रेघ, ‘पौर्वात्य’ लेखनासाठी आत आत वळत जाणारे चक्र. ही चित्रे गाजली आणि त्यांच्यावर टीकाही तेवढीच झाली. त्यांच्या पौर्वात्यांत मुख्यतः चिनी आणि कोरियन विद्यार्थी होते, भारतीयांचा विचार नव्हता. पुढे कॅप्लन यांनी स्वतःच आपले म्हणणे बरेच सौम्य केले. हिंदी आणि भारतीय इंग्रजी गद्याचा अभ्यास करणाऱ्या यमुना कच्रू यांनी तर मुळातच प्रश्न विचारला की इंग्रजीची सरळ रेघ हेच मोजमाप का मानायचे?

प्रश्न रास्त आहे. परीक्षेला बसणाऱ्याला मात्र त्या रेघेवरूनच चालावे लागते. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. आपली शालेय निबंधाची पद्धत म्हणजेच मराठी विचारपद्धती, असे आपण गृहीत धरले, आणि ते खरे नाही. मराठी गद्याच्या अगदी आरंभी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, महानुभाव पंथातल्या केसोबासांनी दृष्टान्तपाठ सिद्ध केला. चक्रधरस्वामींच्या ११४ दृष्टान्तांचा हा ग्रंथ तीन पायऱ्यांनी चालतो. आधी सूत्र, म्हणजे सिद्धान्ताचे एक वाक्य. मग दृष्टान्त, म्हणजे रोजच्या जगण्यातली एक छोटी घटना. मग दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या घटनेने सूत्र कसे उलगडले याचा खुलासा. इंग्रजीच्या वर्गात आज परिच्छेदाची जी रचना शिकवतात, तिच्याशी हे ताडून पाहा. आरंभी मुद्द्याचे वाक्य, मग उदाहरण, मग ते मुद्द्याला जोडणे. आपले विद्यार्थी नेमकी तिसरी पायरी गाळतात. उदाहरण देऊन पुढे जातात आणि त्यातून काय ठरले ते वाचकाने समजून घ्यावे अशी अपेक्षा ठेवतात.

एकोणिसाव्या शतकातही हेच दिसते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ साली निघाला तो मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले पाहत. आगरकर प्रतिपक्षाचे म्हणणे पुरतेपणी मांडत, पण म्हणून मधल्या जागी जाऊन बसत नसत. लेख संपताना ते कुठे उभे आहेत याबद्दल शंका राहत नाही. पूर्वपक्ष मांडून मग तो खोडण्याची आपली जुनी शास्त्रीय रीतही हीच. ‘दोन्ही बाजू खऱ्या आहेत’ हा शेवट आपल्या अंगवळणी पडला तो शाळेत, गुण कापले जाऊ नयेत म्हणून.

एक विषय घेऊन पाहू. तरुणांनी खेडे सोडून शहरात जाण्याचे फायदे तोट्यांपेक्षा अधिक आहेत का? नेहमीचे उत्तर असे येते : फायदे चार, तोटे चार, आणि सरकारने खेड्यांचा विकास करावा. प्रश्न ‘अधिक काय’ हा होता, त्याचे उत्तर या लिखाणात कुठेच नाही. आता भूमिका आधी ठरवू : फायदा कुटुंबाला होतो हे मान्य, पण गावाचा तोटा त्याने भरून निघत नाही, म्हणून तोटे अधिक. मग एक परिच्छेद दृष्टान्तपाठाच्या पायऱ्यांनी बांधू. सूत्र : गाव सोडणारा तरुण फक्त आपले श्रम नेत नाही, घरातला कागदपत्रे जाणणारा माणूसही नेतो. दृष्टान्त : ठिबक सिंचनाच्या अनुदानाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, घरी उरलेल्या वृद्ध आईवडिलांना तो जमत नाही आणि मुदत टळून जाते. दार्ष्टान्तिक : म्हणजे मुलाने दरमहा पाठवलेल्या पैशाने जी उणीव भरेल असे वाटत होते, ती पैशाची नव्हतीच. हे इंग्रजीत लिहायला सात बँडच्या विद्यार्थ्याला एकही अवघड शब्द लागत नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. प्रश्नपत्रिकेतच स्वतःच्या ज्ञानातली किंवा अनुभवातली उदाहरणे द्या असे म्हटलेले असते. तरीही आपली मुले ऑक्सफर्डच्या कुठल्यातरी कल्पित संशोधनाचा हवाला देतात. सेलू-मानवतच्या जिनिंगमध्ये कापसाची रुई आणि सरकी वेगळी होऊन गाठी कशा बांधल्या जातात, हे ज्याने पाहिले आहे त्याच्याकडे प्रक्रियेच्या वर्णनाचा उत्तम सराव घरबसल्या आहे. त्याला चॉकलेट कसे बनते याची छापील उत्तरे पाठ करायची गरज नाही.

व्याकरणाचे थोडक्यात सांगतो, कारण प्रगत विद्यार्थ्याच्या चुका मोजक्याच आणि ठरावीक असतात. ‘जरी–तरी’ या जोडीमुळे इंग्रजीतही ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ येते. ‘च’ची सवय ‘ओन्ली’ होऊन वाक्याच्या शेवटी चिकटते. मराठीत उपपद नसल्याने ‘द’ कुठे हवे आणि कुठे नको हे शेवटपर्यंत डळमळीत राहते. आकड्यांचा प्रश्न असेल तर लाख-कोटींतून मिलियनमध्ये जाताना शून्य हरवते. स्वतःच्या दहा जुन्या उत्तरांतून अशा चुकांची यादी काढली तर ती सहसा एका पानाबाहेर जात नाही. तेवढी सुधारणे हे दोन महिन्यांचे काम आहे.

याउलट साच्यांचा धंदा घातक आहे. प्रत्येक विषयाला चालेल अशी प्रस्तावना आणि ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’ची माळ पाठ करून घेतली जाते. परीक्षकांना पाठांतर ओळखायला शिकवलेले असते. वरच्या बँडच्या वर्णनात तर अशी अपेक्षा आहे की वाक्यांचे सांधे वाचकाच्या डोळ्यांत भरू नयेत. चांगल्या मराठी लेखातही ‘तसेच’ आणि ‘शिवाय’ आपण मोजून वापरतो, मग इंग्रजीत दर ओळीला का?

वालूरसारख्या गावात राहून तयारी करणाऱ्याला पुस्तके आणि नमुना प्रश्नपत्रिका आता मोबाइलवर मिळतात. कमी पडतो तो लिखाण वाचणारा माणूस. तो इंग्रजीचा प्राध्यापकच असला पाहिजे असे नाही. माझ्या मते पहिल्या फेरीसाठी मराठी नीट वाचणारे कुणीही चालेल. चाळीस मिनिटांपैकी पहिल्या सात-आठ मिनिटांत भूमिका आणि दोन सूत्रे मराठीत कागदावर मांडावीत आणि सरावाच्या काळात तो कागद घरात कुणालाही दाखवून एवढेच विचारावे : मी कुठल्या बाजूचा आहे? समोरच्याला दोनदा वाचावे लागले, तर इंग्रजीला हात घालण्याआधी तो कागद पुन्हा लिहावा. वाक्ये जुळवणे आणि भाषा तपासणे हे नंतरचे काम, आणि त्यासाठी सेलूच्या किंवा परभणीच्या महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या शिक्षकाकडे आठवड्याला दोन उत्तरे घेऊन जाणे पुरते. संगणकावर परीक्षा दिलेल्यांना आता एकट्या लेखनाचीच फेरपरीक्षा देण्याची सोय आहे. मात्र फी पुन्हा भरावी लागते, आणि पहिल्या वेळचा कागद कुणी वाचलाच नसेल तर दुसऱ्या वेळीही तेच उत्तर लिहिले जाते.