दप्तरदाखल अर्ज

अमेरिकेतील यादवी युद्धास तोंड लागले १८६१ साली. परंतु त्या राष्ट्राच्या राजकारणास गुलामगिरीने पाडलेली भेग त्याआधी पंचवीस वर्षे, वरवर पाहता निव्वळ दप्तरी वाटणाऱ्या एका प्रश्नावरून, उघडी पडली होती. राजधानी वॉशिंग्टनचा मुलूख थेट काँग्रेसच्या अंमलाखाली असल्यामुळे निदान तेथील तरी गुलामगिरी रद्द करावी, अशा मागणीचे अर्ज उत्तरेकडील गावोगावांहून येऊ लागले. आणि ज्यांना मताचा अधिकारही नव्हता अशा स्त्रियांच्या हजारो सह्या त्यांवर असत, हे मला विशेष हृद्य वाटते. दक्षिणेकडील सभासदांना या अर्जांचे नुसते वाचनही सोसवेना. अखेर मे १८३६ मध्ये, चार्ल्स्टनचे प्रतिनिधी हेन्री पिंकनी यांच्या पुढाकाराने, असा प्रत्येक अर्ज विचारात न घेता परस्पर दप्तरदाखल करावा, हा ठराव प्रतिनिधिगृहाने ११७ विरुद्ध ६८ मतांनी संमत केला. पक्षाची एकी राखण्यासाठी उत्तरेकडील बहुसंख्य डेमोक्रॅटांनीही या मुस्कटदाबीस हातभार लावला.

या ठरावाशी माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स आठ वर्षे झुंजले. ६ फेब्रुवारी १८३७ रोजी या एकोणसत्तर वर्षांच्या वृद्धाने उभे राहून सभापतींस पृच्छा केली, की बावीस गुलामांच्या सह्यांचा म्हणून आलेला एक कागद आपल्यापाशी आहे, तो या ठरावाच्या कक्षेत येतो काय? सभागृहात एकच हलकल्लोळ उडाला. ॲडम्स यांच्या निषेधाचे ठराव पुढे आले. कागदात मागणी काय, हे कोणी विचारलेच नव्हते. गुलामगिरी रद्द करू नये, अशीच ती असल्याचा खुलासा त्यांनी केला, तेव्हा तर संतापास पारावार उरला नाही. गुलामालाही अर्ज करता येतो, ही कल्पनाच त्या मंडळींना असह्य होती.

ज्यांना गुलामांच्या दुःखाशी काडीचे कर्तव्य नव्हते, अशा उत्तरेकडील माणसांना आता स्वतःच्या अर्जाच्या हक्काची चिंता पडली. १८३७-३८ च्या अधिवेशनात लाखावर अर्ज आले. हळूहळू डेमोक्रॅटांची उत्तरेकडील फळी दक्षिणी बांधवांपासून सुटू लागली, आणि ३ डिसेंबर १८४४ रोजी तो नियम १०८ विरुद्ध ८० मतांनी रद्द झाला. पक्षाहून प्रांत मोठा ठरू लागला होता. एप्रिल १८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन पिंकनींच्याच चार्ल्स्टन शहरी भरले, तेव्हा दक्षिणेकडील अनेक प्रतिनिधी सभात्याग करून बाहेर पडले, आणि राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार न ठरताच ते अधिवेशन उधळले.