साव अडतो, चोर सुटतो : क्लाउडवर जाणाऱ्या कागदांची राखण

पेढीची कीर्द-खतावणी परक्याच्या नजरेस पडू नये, म्हणून ती रात्री कुलुपात ठेवण्याची रीत आपल्या वडीलधाऱ्यांनी कटाक्षाने पाळली. सांप्रत ती कीर्द-खतावणी संगणकात आली आहे. आणि संगणकातून गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह ह्यांसारख्या दूरच्या साठवणीत, म्हणजे ज्यास क्लाउड म्हणतात तेथे, दररोज जात आहे. त्या कागदांत केवळ आपला नफा-तोटा नसतो. ग्राहकांचे पॅन, नोकरांचे आधार क्रमांक, अडत्यांची बँक खाती असे परक्यांचे धन त्यांत असते. ते सांभाळणे हे सचोटीचे काम तर खरेच, परंतु आता ते कायद्याचेही आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. माहितीच्या राखणीसाठी वाजवी खबरदारी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

ह्या राखणीसाठी जी योजना करतात तिला डेटा लॉस प्रिव्हेन्शन, संक्षेपाने डीएलपी म्हणतात. तिचे काम जुन्या जकात नाक्यासारखे आहे. कागद बाहेर निघाला की नियम तो उघडून वाचतो, त्यात गुप्त माहिती आढळल्यास ताकीद देतो, अडवितो, किंवा केवळ नोंद करून सोडतो. तथापि अनुभव असा की, पुष्कळदा साधे बिल अडते आणि सर्व नोकरांच्या खात्यांची यादी बिनबोभाट निघून जाते. अशा वेळी त्रासलेला मालक नियमच बंद करावयास सांगतो. नाकेदार चुकला म्हणून नाकाच उठविण्याचा हा प्रकार होय. रोजमेळ जुळला नाही तर आपण वही फेकीत नाही. एकेक रक्कम ताडून पाहतो. येथेही तसेच क्रमाने पाहिले तर दोष हाती लागतो.

प्रथम, नाका कोठे आहे ते पाहावे. काही नियम संगणकावरच बसलेले असतात व कागद चढण्यापूर्वी अडवितात. काही क्लाउडच्या आत असतात. गूगल ड्राइव्हमधील नियम कागद चढतानाच त्यास अडवीत नाही. कागद आत गेल्यावर तो वाचला जातो आणि मग बाहेरच्या माणसास दाखविण्यास मनाई होते. तेव्हा ‘फाइल तर वर गेली, म्हणजे नियम चालत नाही’ ही तक्रार कित्येकदा गैरसमजातून होते. नियमाकडून आपण जे काम अपेक्षितो, ते त्याला सांगितलेले आहे काय, हा पहिला प्रश्न.

दुसरे, कागद त्या नाक्यावरून गेला काय, हे पाहावे. नियम ज्या खात्यांना लावला त्यांत तो नोकर आहे काय? नवा मुनीम आला, परंतु त्याचे नाव यादीत चढविले नाही, असे घडते. पेढीच्या खात्यावरील नियमास नोकराच्या खाजगी खात्यातील व्यवहार दिसत नाही, किंवा त्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून गेलेला कागदही दिसत नाही. ब्राउझरचाही प्रश्न येतो. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत एज ब्राउझरवर पहाऱ्याची सोय अंगचीच असते. क्रोम व फायरफॉक्स ह्यांवर वेगळी पुरवणी बसवावी लागते. ती बसविली नसेल तर ती वाट मोकळीच समजावी. शिवाय नियम आज लिहिला म्हणजे तत्क्षणी सर्वत्र पोहोचला असे नसते. त्यास काही तास, प्रसंगी एक दिवसही लागतो. तेवढ्यात घाईने दहा फेरफार केले तर गुंता मात्र वाढतो.

तिसरे, नाकेदारास गोणी उघडता आली काय? संकेतशब्द घातलेली पीडीएफ किंवा झिप फाइल नियमास वाचता येत नाही, आणि बँका खातेउतारे बहुधा अशाच बंद स्वरूपात धाडतात. अशा फाइलींचे काय करावयाचे, ह्याचा वेगळा नियम हवा. आधार कार्डाचे छायाचित्र हे नियमाच्या दृष्टीने केवळ चित्र होय. चित्रातील अक्षरे वाचण्याची सोय वेगळी चालू करावी लागते. फार मोठ्या फाइलीचा केवळ आरंभीचा भाग वाचला जाणेही शक्य असते.

मराठीत दप्तर ठेवणाऱ्यांस आणखी एक अडचण येते. श्रीलिपी, कृतिदेव ह्यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटांत टंकलेला मजकूर डोळ्यांस मराठी दिसतो. परंतु संगणकाच्या पोटात ती निराळीच चिन्हे असतात. अशा फाइलीत ‘खाते क्रमांक’ हे शब्द शोधणारा नियम रिकाम्या हाताने परततो. मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच त्यावरील खरा उपाय. त्याचप्रमाणे इंग्रजी अंक शोधणाऱ्या नियमास ०, १, २ हे देवनागरी अंक ओळखता येतीलच असे नाही. वह्या मराठीत असतील तर नियमासही मराठी अंक शिकविले पाहिजेत.

चौथे, गोणी उघडली, पण माल ओळखला काय? बहुतेक घोटाळे येथेच होतात. पॅन दहा स्थानांचा असतो : पाच अक्षरे, चार अंक, शेवटी एक अक्षर. जीएसटी क्रमांक पंधरा स्थानांचा. त्याच्या आरंभी राज्याचे दोन अंक असतात, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, गोव्याचे ३०, मध्य प्रदेशाचे २३, गुजरातचे २४, तेलंगणाचे ३६. आणि त्यांच्या लगोलग तिसऱ्या ते बाराव्या स्थानापर्यंत पॅनच असतो! सबब ‘कोठेही पॅन दिसला की अडव’ असा ढोबळ नियम लिहिला, तर उघडपणे जीएसटी क्रमांक छापलेले प्रत्येक बिल अडते. उपाय सोपा आहे. पॅनच्या मागे वा पुढे आणखी अक्षर किंवा अंक चिकटलेला असेल तर तो मोजू नये, एवढी अट घातली की साव सुटतो आणि सुटा पॅन मात्र पकडला जातो.

केवळ अंकांची लांबी पाहणेही पुरेसे नाही. सोळा अंकांचा प्रत्येक आकडा कार्डाचा नसतो. तो मालाच्या पावतीचाही असू शकेल. कार्डासाठी आयबीएममधील हान्स पीटर लून ह्यांची ताळ्याची रीत वापरतात. तिच्या पेटंटाचा अर्ज १९५४ चा व मंजुरी १९६० ची. उजवीकडून दर दुसरा अंक दुप्पट करावा, दुप्पट दोन अंकी आल्यास त्या दोन अंकांची बेरीज घ्यावी. सर्वांची एकूण बेरीज दहाने निःशेष भागली जाईल तरच आकडा खरा धरावा. आधारच्या बारा अंकांतही शेवटचा अंक ताळ्याचाच असतो. तेथे व्हेरहॉफ ह्यांची रीत आहे. तरीही लून ह्यांच्या ताळ्यातून स्वैर आकड्यांपैकी सुमारे दहांतील एक सुटून जातो. म्हणून जवळपासच्या शब्दांची साक्ष घ्यावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत ही साक्ष साधारणतः ३०० अक्षरांच्या आत शोधतात. बँकेच्या खाते क्रमांकास सर्वत्र लागू पडणारा असा ताळाच नाही. तेथे ‘खाते’, ‘आयएफएससी’ असे शब्द जवळ असण्याची अट हाच मुख्य आधार. ह्याउलट, अट इतकीही कडक नको की शीर्षक पहिल्या ओळीत आणि आकडे पाचशेव्या ओळीत असलेली यादी निसटून जाईल. एक क्रमांक आढळला तर ताकीद, पुष्कळ आढळले तर अडवणूक, असे संख्येप्रमाणे दोन नियम केल्यास काम नेमके होते.

पाचवे, माल ओळखल्यावर हुकूम कोणता होता? पुष्कळदा नियम अचूक असतो, परंतु चाचणीसाठी ‘केवळ नोंद करा’ अशा स्थितीत ठेवलेला तसाच राहून जातो. कधी मालकांसाठी किंवा हिशेबतपासनिसांसाठी दिलेली सवलत अवाजवी रुंद झालेली असते. कधी दोन नियम एकाच कागदास लागतात आणि त्यांतील अधिक कडक नियम अमलात येतो. कोणत्या नियमाने, कोणत्या वेळी, कोणत्या शब्दावरून काय केले, हे नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, सापडते. तर्क लढविण्यापूर्वी ती वही उघडावी.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा व तो तारखेसह लिहून ठेवावा. नवा नियम आधी केवळ नोंद घेण्याच्या स्थितीत काही दिवस चालवावा, उगाच अडले असते ते कागद पाहून अटी सुधाराव्यात, आणि मगच अडवणूक सुरू करावी. चाचणीसाठी खऱ्या ग्राहकाचा क्रमांक कदापि वापरू नये. ४१११ ११११ ११११ ११११ हा चाचणीचा प्रसिद्ध आकडा आहे. त्याची बेरीज ३० येते व ताळा जुळतो. अडलेला कागद, सुटलेला कागद, संकेतशब्दाची फाइल, छायाचित्र आणि मराठी अंकांची यादी असे पाच नमुने जवळ ठेवून प्रत्येक बदलानंतर तेच चालवून पाहावेत.

हे सर्व संगणक-तज्ज्ञाचे काम, असे म्हणून पेढीच्या धन्याने अंग काढून घेऊ नये. आपल्या दप्तरात गुप्त काय व उघड काय, हे तज्ज्ञास ठाऊक नसते. ते धन्यास आणि मुनिमास ठाऊक असते. बिलावरचा जीएसटी क्रमांक उघड, पण नोकराचा आधार गुप्त, हा विवेक नियमात उतरविल्यावाचून कोणतेही यंत्र तो आपणहून करणार नाही. यास्तव दिवाळीस जशा वह्या पुऱ्या करून ताळेबंद मांडतो, तसा वर्षातून एकदा तरी ह्या नियमांचाही आढावा घ्यावा. नोकर बदलतात, वाटा बदलतात, फाइलींचे प्रकार बदलतात. ज्याने आपला क्रमांक विश्वासाने आपल्या वहीत लिहू दिला, त्याला ह्यातले काही दिसत नाही. त्याच्या वतीने हे पाहणे आपल्याकडेच आहे.