चार सिलिंडरांची हजेरी

आज मी आपणांशीं बोलणार आहें तें एका आवाजाविषयीं. उन्हाळ्यांत आमच्या वसमत गांवीं पहांटे रस्त्याच्या कडेला उभें राहिलें, म्हणजे हळदीच्या पोत्यांनीं लादलेल्या लहान मालमोटारी बाजाराकडे जातांना दिसतात. लोक त्यांना पिकप म्हणतात. त्यांतल्या पुष्कळ जुन्या असून डीझेलवर चालतात. गेल्या वैशाखांत अशीच एक गाडी माझ्या दारासमोर थांबली. तिचा आवाज सरळ येत नव्हता. चालतां चालतां माणसाला ठेंच लागावी तसा तो मध्येंच अडखळत होता. गाडीचा मालक माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, चारीबी नोझल बदलले, तरी गाडी मिसिंगच मारायली." त्या चार नोझलांपायीं त्याच्या हळदीच्या पट्टीचे बरेच पैसे गेले होते, आणि उरलेला माल अद्याप शेतावरच पडून होता.

डीझेल इंजिनांत ठिणगी नसते. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड तापतें, हा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांना असेल. हवा जोरानें दाबली कीं तापते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन इंजिनियरानें हेंच तत्त्व धरून १८९७ सालीं आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें. सिलिंडरांतील हवा दट्ट्यानें दाबून मूळ जागेच्या सुमारें विसाव्या हिश्श्यांत कोंडावयाची, आणि त्या तापलेल्या हवेंत तेलाचा बारीक फवारा सोडावयाचा. तो आपोआप पेटतो. चार सिलिंडरांचें इंजिन उभ्या गाडींत मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांस प्रत्येक सिलिंडर एकदां पेटतो. म्हणजे मिनिटांत एकंदर १,६०० वेळां पेट घेतला गेला पाहिजे. एक सिलिंडर मुका झाला कीं १,२०० उरतात, आणि ती रिकामी जागा कानाला व गाडीवर ठेवलेल्या हाताला तत्काळ जाणवते.

मुका कोणता, हें कसें ओळखावें? मोठ्या वर्गांत कोण गैरहजर आहे हें नुसत्या नजरेनें कळत नाहीं. एकेकाचें नांव घ्यावें लागतें. जाणता मिस्त्री इंजिन संथ चालू ठेवून पहिल्या नोझलाकडे जाणाऱ्या पोलादी नळीचा नट पान्यानें किंचित् सैल करतो. तेल तेथेंच गळूं लागतें व त्या सिलिंडराला मिळत नाहीं. आवाज एकदम पडला, तर तो सिलिंडर हजर होता असें समजावें. कांहींच फरक पडला नाहीं, तर गैरहजर तोच. मग त्याचें नोझल काढून शेजारच्या सिलिंडराला बसवावें. दोष नोझलाबरोबर शेजारीं गेला, तर नोझल वाईट. जागींच राहिला, तर पंप पाहावा, झडपांचें अंतर पाहावें, आणि शेवटीं दट्ट्याच्या कड्या. धुराचाहि उपयोग होतो. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलें तेल. काळा म्हणजे तेल अधिक व हवा कमी. निळा म्हणजे वंगण जळत आहे. हा क्रम सोडून जो आधींच नवें सामान आणावयास धांवतो, तो फक्त दुकानदाराचें भलें करतो.

येथें एक गोष्ट बजावून सांगतों. असल्या इंजिनांत नोझलांतून तेल सुमारें २०० वातावरणांच्या दाबानें सुटतें. तो फवारा बोटावर आला तर कातडी भेदून आंत शिरतो. जखम सुई टोंचल्याएवढी दिसते, प्रथम दुखतहि नाहीं, आणि पुढें बोट कापण्याची पाळी येते. असें झाल्यास घरगुती उपाय न करितां त्याच क्षणीं रुग्णालय गांठावें. नव्या, कॉमन रेल पद्धतीच्या गाड्यांत हा दाब हजार वातावरणांहून अधिक असतो. तेथें चालू इंजिनाचा नट कोणींहि सैल करूं नये. त्यांची परीक्षा संगणकाच्या यंत्रानें होते. हजेरीची ही रीत केवळ जुन्या गाड्यांपुरती, व तीहि माहितगाराच्या हातची.

आमच्या गांवच्या एका वृद्ध मिस्त्रीनें माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीची अशी हजेरी घेतली, तों चमत्कारच दिसला. चारहि नट सैल करतांच आवाज पडला. म्हणजे चौघेहि हजर. परंतु कोण केव्हां गप्प बसेल याचा नेम नाहीं! दोष जर एका जागीं राहत नसेल, तर तो चौघांना सामाईक असलेल्या वाटेवर असला पाहिजे. ती वाट म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची तेलाची नळी. "सकाळीं सुरू व्हायला लई वेळ लागतो का?" मिस्त्रीनें विचारलें. लागत होता. रात्रभरांत तेल मागें टाकींत उतरत होतें.

या नळींतील मौज अशी कीं तेथें तेल ढकललें जात नाहीं, ओढलें जातें. म्हणून तिला फट पडली तरी इंजिन चालू असतां तेल बाहेर गळत नाहीं. उलट हवा आंत शिरते. जमिनीवर थेंब नाहीं, म्हणून कोणाला संशय नाहीं. मिस्त्रीनें मध्यें वीतभर पारदर्शक नळी जोडली, आणि तींतून मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे जातांना आम्हीं सर्वांनीं पाहिले. टाकींतून तेल ओढणाऱ्या लहान पंपाच्या तोंडाशीं असलेला तांब्याचा वायसर पूर्वीं केव्हां तरी काढून तोच परत बसविला होता. तो एका बाजूनें दबला होता. नवा वायसर थोड्या रुपयांत आला. मग हातानें पंप मारून, स्क्रू सैल ठेवून, फेस थांबेपर्यंत आंतली हवा काढली.

गाडी त्याच दुपारीं शेतावर गेली. काढून टाकलेलीं चार नोझलें पुढें तपासून घेतलीं, तेव्हां तीन अगदीं चांगलीं निघालीं. तीं आतां तेल लावून त्याच्या घरीं एका डब्यांत ठेवलेलीं आहेत.