ऊर्जाविषयक मराठी परिभाषेतील कर्तृविचार

१

परिभाषा ही शास्त्राची केवळ नामावली नव्हे. ज्या व्यवहारात ती वापरली जाते, त्यातील कोणते घटक बोलून दाखवावयाचे आणि कोणते अध्याहृत ठेवावयाचे, याचा निर्णय बहुधा तिच्या घडणीतच झालेला असतो. ऊर्जा व पर्यावरण यांविषयी गेल्या चार दशकांत मराठीत जी परिभाषा रूढ झाली आहे, ती या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. ‘शाश्वत विकास’, ‘नवीकरणीय ऊर्जा’, ‘पडीक जमीन’ आणि ‘प्रकल्पग्रस्त’ हे चार शब्दप्रयोग शासकीय लेखनात, पाठ्यपुस्तकांत व वृत्तपत्रांत नित्य आढळतात. या चारही प्रयोगांचा एक समान विशेष असा की, त्यांत क्रिया सूचित होते, परंतु ती करणारा कोण, हे कळत नाही. कर्त्याचा हा लोप व्याकरणदृष्ट्या निर्दोष असला तरी व्यवहारात निरुपद्रवी नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

२

प्रथम ‘शाश्वत’ हा शब्द घेऊ. ज्या कल्पनेसाठी तो योजला जातो, तिचा उगम वनव्यवस्थेत आहे. सॅक्सनीतील खाणी व धातू वितळविण्याच्या भट्ट्या यांमुळे तेथील अरण्ये झपाट्याने नष्ट होत होती. तेथील खाणप्रशासनातील अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ साली प्रसिद्ध केलेल्या वनविद्येवरील ग्रंथात, जंगलाची जेवढी वाढ होते तेवढीच तोड करावी, हा विचार मांडला. म्हणजे ही कल्पना जन्मली तेव्हा तिच्यात तोडणारा, तोडण्याची वस्तू आणि मर्यादा ही तिन्ही अंगे स्पष्ट होती. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने केलेल्या सुप्रसिद्ध व्याख्येतही ती शिल्लक आहेत : आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, पण पुढील पिढ्यांचे सामर्थ्य खच्ची करू नये.

‘शाश्वत’ या विशेषणात मात्र यांपैकी एकही अंग उरत नाही. मराठीच्या परंपरेत शाश्वत हे नश्वराच्या विरुद्ध असते. आत्मा शाश्वत, देह नश्वर. जे शाश्वत आहे ते कोणी राखावे लागत नाही आणि कोणाच्या हातून बिघडतही नाही. याउलट इंग्रजीतील ‘सस्टेन’ हे सकर्मक क्रियापद असून त्यास कर्त्याची व कर्माची अपेक्षा असते. हिंदीने ‘सतत’ हा शब्द योजून निदान काळाचे सातत्य सुचविले. नेपाळीने ‘दिगो’ आणि बंगालीने ‘टेकसई’ हे टिकाऊपणाचे शब्द बोलभाषेतून उचलले. मराठीतही ‘टिकणे’ आणि त्याचे प्रयोजक ‘टिकवणे’ ही जोडी हाताशी आहे. ‘टिकवणे’ म्हटल्याबरोबर ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. ‘शाश्वत’ म्हटल्यावर तो उद्भवत नाही.

३

ऊर्जेच्या नामकरणाचा इतिहास तितकाच उद्बोधक आहे. केंद्र सरकारने १९८२ साली अपारंपरिक ऊर्जास्रोतांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. १९९२ साली त्याचे मंत्रालय झाले. आणि २००६ साली त्या मंत्रालयाच्या नावातील ‘अपारंपरिक’ जाऊन तेथे ‘नवीन आणि नवीकरणीय’ हे शब्द आले. पहिल्या नावातील विसंगती उघड होती. शेणी व सरपण, मिठागरातील ऊन, शिडाच्या गलबतास लागणारा वारा ही परंपरेने चालत आलेली साधने ‘अपारंपरिक’ ठरली आणि त्या मानाने अगदी अलीकडची औष्णिक वीज ‘पारंपरिक’ ठरली. परंपरा कोणाची, हा प्रश्न त्या शब्दात दडलेला होता. उत्तर अर्थात वीजमंडळांची, असेच होते.

‘नवीकरणीय’ हा शब्द शास्त्रीय दृष्ट्या अधिक काटेकोर आहे, पण त्याचीही अडचण आहे. संस्कृतातील ‘अनीय’ प्रत्यय शक्यतेबरोबरच कर्तव्यताही दर्शवितो. ‘करणीय’ म्हणजे करण्यास योग्य, करावयास हवे असे. त्यानुसार नवीकरणीय म्हणजे जिचे नवीकरण केले पाहिजे ती. सूर्याचे व वाऱ्याचे नवीकरण कोणी करीत नाही. परंतु लाकूड, उसाची चिपाडे वा शेण यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेच्या बाबतीत हा अर्थ अक्षरशः खरा आहे : झाड पुन्हा लावले तरच लाकूड नवे होते, आणि उसाला पाणी मिळाले तरच चिपाड मिळते. एकाच विशेषणाखाली या दोन भिन्न जाती एकत्र आल्याने दुसरीत अंतर्भूत असलेले कर्तव्य पहिलीच्या प्रकाशात दिसेनासे होते.

४

व्याख्या बदलल्याने वस्तू कशी बदलते, याचे ठळक उदाहरण जलविद्युतेचे आहे. भारतात २५ मेगावॉटपर्यंतचेच जलविद्युत प्रकल्प नवीकरणीय या सदरात मोडत असत. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या प्रकल्पांनाही ते नाव दिले. त्या वेळी देशातील अशा प्रकल्पांची स्थापित क्षमता सुमारे ४५,००० मेगावॉट होती. १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्पही त्यांतच येतो. नदी तीच, धरण तेच, जनित्रे तीच. बदलले ते विशेषण. जलविद्युत खरेदीचे नवे बंधन त्या दिनांकानंतर कार्यान्वित होणाऱ्या प्रकल्पांपुरतेच ठेवण्यात आले, हे खरे. तथापि वर्गवारीतील शब्दाला धोरणात किती किंमत असते, हे त्यावरून दिसतेच. लहान प्रकल्पांसाठी आखलेली ती जुनी सीमारेषा पाण्याच्या गुणधर्मावरून नव्हे, तर प्रकल्पाच्या आकारावरून काढलेली होती. ती पुसली गेली तेव्हा बुडालेल्या जमिनीचा विचारही शब्दाबाहेर पडला.

५

त्या विचारासाठी मराठीने जो शब्द घडविला तो ‘धरणग्रस्त’. त्याचेच व्यापक रूप ‘प्रकल्पग्रस्त’. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. धरणाने ग्रस्त तो धरणग्रस्त, असा या तृतीया तत्पुरुषाचा विग्रह होतो. येथे कर्त्याची जागा रिकामी नाही. ती धरणानेच व्यापली आहे. धरण बांधण्याचे ठरविणारा आणि त्याची वीज वापरणारा यांना समासात स्थान नाही. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त हे शब्द याच साच्याचे असल्यामुळे एक मानवी निर्णय नकळत दैवी आपत्तींच्या पंक्तीत जाऊन बसतो. कोयनेच्या खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर ‘धरणग्रस्त’ व ‘भूकंपग्रस्त’ हे दोन्ही शब्द एकाच परिसरातील माणसांना लागू झाले. या भूकंपाचा जलाशयाशी संबंध होता, असे बहुतेक भूकंपशास्त्रज्ञ मानतात; तरीही एका घटनेपूर्वी निर्णय झाला होता आणि दुसरीपूर्वी नव्हता, हा भेद राहतोच, आणि व्याकरण तो सांगत नाही.

१९२१ ते १९२४ या काळातील मुळशी सत्याग्रहाचे महत्त्व या संदर्भात विशेष जाणवते. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यात कर्ता अध्याहृत राहिला नव्हता. जमीन मावळ्यांची, धरण टाटा कंपनीचे, भूसंपादन सरकारचे आणि वीज मुंबईसाठी, हे चारही संबंध उघडपणे मांडले गेले होते. ज्या ऊर्जेला आज स्वच्छ म्हटले जाते, तिच्यासंबंधीचा हा वाद शंभर वर्षांपूर्वीच पूर्ण वाक्यात बोलला गेला होता.

६

सौर व पवन ऊर्जेच्या काळात हाच प्रश्न ‘पडीक’ या शब्दाच्या आश्रयाने पुन्हा येतो. शेतकरी रान पड टाकतो तेव्हा ती त्याची हेतुपूर्वक क्रिया असते. जमिनीस विसावा देणे हा तिचा उद्देश असतो. महसुली भाषेत मात्र ‘पडीक’ हा जमिनीचा अंगभूत गुण ठरतो, आणि सात-बाऱ्यावरील ‘पोटखराबा’ हा शब्द तर लागवडीस न येणाऱ्या जमिनीवर खराबपणाचा शिक्काच मारतो. जुन्या बोलीतील शब्दांची तऱ्हा वेगळी आहे. ‘गायरान’ हा शब्द जमीन कोणाच्या उपयोगाची ते सांगतो. ‘माळढोक’ या पक्ष्याच्या नावातच त्याचे वसतिस्थान आहे. राजस्थान व गुजरातेतील माळढोकाच्या अधिवासांतून जाणाऱ्या वीजवाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला आणि मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून हा विषय तज्ज्ञसमितीकडे सोपविला. नकाशावर रिकामा दिसणारा माळ कोणाचा तरी असतो, एवढे त्या वादाने निर्विवाद सिद्ध केले.

याचा अर्थ ही ऊर्जा त्याज्य आहे असा नव्हे. कोळशाच्या ज्वलनाने होणारी तापमानवाढ ही अधिक मोठी हानी असून ती प्रथम दुर्बळांच्याच वाट्यास येते.

७

प्रत्येक पारिभाषिक शब्दात कर्ता समाविष्ट करावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. संक्षेप हा परिभाषेचा धर्मच आहे. परंतु शब्दाने जे गाळले ते व्याख्येने भरून काढावे, ही अपेक्षा रास्त होय. कोण टिकवणार, काय टिकवणार, कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीवर, हे कारकांचे प्रश्न आहेत. आणि टिकाऊपणाचे राजकारण म्हणून जे ओळखले जाते, ते बव्हंशी याच प्रश्नांच्या उत्तरांवरून चाललेले आहे. १९९२ च्या रिओ परिषदेने राष्ट्रांची जबाबदारी समान, परंतु भिन्न प्रमाणातील मानली, तेव्हा तिनेही कर्त्यांचीच विभागणी केली होती. ‘जबाबदारी’ या शब्दात ‘जवाब’ आहे. जवाब देणारा असावयाचा तर सवाल विचारणाराही असावा लागतो, आणि तो सवाल करण्याची सोय भाषेत शिल्लक ठेवणे हे परिभाषाकारांचे काम आहे.