स्नायू सैल पडतो कसा?

सिल्लोडच्या बाजारात गावरान कोंबडी कापली, की छातीचं मांस फिकट आणि तंगडीचं गडद निघतं. कोंबडी दिवसभर पायांवर हिंडते. पंख लागतात ते झाडावर चढण्यापुरते, क्षणभर. लाल स्नायू सावकाश आखडतो आणि पांढरा झटक्यात, हे फ्रान्सच्या लुई रान्व्हिए यांनी 1873 मध्ये ससे आणि पाकट मासे तपासून मांडलं. का, ते कळायला मात्र पुढची शंभर वर्षं गेली.

वाट दाखवली ती नळाच्या पाण्याने. लंडनच्या सिडनी रिंगर यांच्याकडे बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत राहिलं. तेच द्रावण शुद्ध पाण्यात केलं तर हृदय बंद पडू लागलं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. साल 1883.

पुढे प्रश्न उलटा झाला: आखडलेला स्नायू सुटतो कसा? 1961 मध्ये जर्मनीत हासेलबाख आणि माकिनोसे यांनी दाखवलं, की पेशीतली बारीक जाळी ऊर्जा खर्चून कॅल्शियम परत ओढून घेते. जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी त्याच दशकात ट्रोपोनिन शोधलं. कॅल्शियम त्याला चिकटतं आणि आखडणं सुरू होतं.

खरी मेख इथेच आहे. पांढऱ्या, जलद तंतूत ही जाळी दाट, कॅल्शियम ओढणारे पंप भरपूर. इशारा येताच कॅल्शियम मोठ्या प्रमाणात सुटतं आणि तितक्याच झपाट्याने आत ओढलं जातं. लाल, मंद तंतूत पंप कमी, आणि त्यांचा प्रकार हृदयातल्या पंपांचाच. कॅल्शियम रेंगाळतं, त्यामुळे मज्जातंतूच्या थोड्याच इशाऱ्यांवर ताण टिकतो. तासन्‌तास ताठ उभं राहणं परवडतं ते यामुळे. मंद म्हणजे दुबळा, हा समज सोडून द्यायला हवा.

1960 मध्ये बुलर आणि एकल्स पिता-पुत्रीने मांजरांमध्ये जलद आणि मंद स्नायूंच्या नसा अदलाबदल करून जोडल्या, तेव्हा मंद स्नायू जलद होऊ लागला. 1998 मध्ये उलट दिशेच्या बदलाचा एक धागा सापडला: पेशीत कॅल्शियम दीर्घकाळ किंचित वाढलेलं राहिलं, तर कॅल्सिन्युरिन नावाचं विकर जागं होतं आणि मंद तंतूची जनुकं चालू करतं.

मंद आणि जलद, दोन्ही तंतूंची कसोटी पोलीस भरतीत लागते: मुलांना 1600 मीटरही पळायचं असतं आणि 100 मीटरही. पहाटे रस्त्यावर तयारी करणाऱ्या पोरांनो, दोन्हींचा सराव वेगवेगळा करा. 1600 ची दौड रोज मारून 100 चा झपाटा येत नाही.