शारजातला चेंडू, तळोज्यातला जल्लोष

देशोदेशीच्या माणसांना टीव्ही जोडतो कसा? माझ्या मते, त्यातली मोठी ताकद वेळेची आहे. हजारो कोस दूर असलेला आपला माणूसही आत्ता, याच क्षणी, हेच पाहतोय, ही जाणीव घट्ट बांधते.

युरोपने हे ठरवून केलं. महायुद्धानंतर तिथल्या प्रसारण संस्था एकत्र आल्या आणि १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात सात देशांची पहिली युरोव्हिजन गीतस्पर्धा झाली. कोकणाला आखाताशी बांधणारं प्रक्षेपण मात्र कुणी आखलेलं नव्हतं. सत्तरच्या दशकापासून रायगड-रत्नागिरीतली माणसं, विशेषतः कोकणी मुसलमान घरांतले तरुण, नोकरीसाठी आखातात जात होते. घराशी संबंध पत्राचा, नाहीतर महागड्या फोनचा. अशात उद्योगपती अब्दुल रहमान बुखातिर यांनी शारजात क्रिकेट उभं केलं; १९८४ चा पहिला आशिया चषक तिथेच झाला. आता तिकडे गेलेला भाऊ ज्या मैदानात बसलेला असू शकतो, तेच मैदान इथे ओटीवरच्या टीव्हीत दिसू लागलं. त्याच मैदानात भारतीय आणि पाकिस्तानी कामगारही सामना पाहायला येत.

२२ एप्रिल १९९८ ला तिथेच सचिन तेंडुलकर खेळत असताना वाळूचं वादळ आलं, खेळ थांबला, तरी त्याने १४३ धावा केल्या. दोन दिवसांनी, त्याच्या वाढदिवशी, १३४ धावा आणि करंडक. शारजात घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, पण जल्लोष एकाच वेळी! २००१ मध्ये केंद्र सरकारने आपल्या संघाला शारजात खेळायला मनाई केली आणि हा सिलसिला तुटला.

आता रायगडातल्याच आजच्या तळोज्यात पाहा. एमआयडीसीच्या कारखान्यांमुळे आणि सिडकोच्या वसाहतींमुळे इथे अनेक प्रांतांची माणसं शेजारी आली आहेत. २०२३ ची आयपीएल मोबाइलवर बारा भाषांत आली. मराठी, भोजपुरी, मल्याळम, ज्याला जी हवी ती. आपल्या भाषेत समालोचन ऐकण्याचा आनंद खरा आहे, आणि तो फार उशिरा मिळाला.

पण इंटरनेटवरून येणारं चित्र आधी तुकड्या-तुकड्यांत साठवलं जातं, मग दिसतं. त्यामुळे मोबाइलवर गोलंदाज अजून धावतच असतो, तेवढ्यात शेजारच्या घरात, जिथे डिश टीव्ही आहे तिथे, षटकाराची आरोळी उठलेली असते. हा काही सेकंदांचा फरक मला भाषांच्या फरकापेक्षा मोठा वाटतो. आखातातल्या भावाचा मोबाइल तर आणखी वेगळ्याच क्षणी असतो.